विमान पडल्याचा आवाज कुणाला कळवायचा?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सातारा

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सांगली (चांदोलीचं रान दोन्हीकडे पसरलेलं आहे म्हणून)

विषय : खराब हवेत बेपत्ता झालेल्या छोट्या विमानाबद्दल गावकऱ्यांनी दिलेली खबर नोंदवून घेण्याची व्यवस्था करण्याबाबत

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयात कुणी हसलं असेल तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. आपल्या जिल्ह्याची आपत्तींची यादी आधीच लांब आहे. कृष्णा-कोयनेला पूर येतो, पाटण तालुक्यात दरडी सुटतात, घाटात गाड्या दरीत जातात आणि जमीन अधूनमधून हलतेच. त्या यादीत 'विमान बेपत्ता' ही ओळ घाला म्हटलं की माणूस रिकामटेकडा वाटतो. मी रिकामा आहे हे खरं. पोलीस बिनतारी संदेशाच्या नोकरीतून निवृत्त झालो, पाटणला राहतो. पण मागणी फुकटची नाही, आणि तिला खर्चही फारसा नाही.

२० ऑगस्ट २०२४ रोजी झारखंडात जमशेदपूरच्या सोनारी धावपट्टीवरून एक सेसना १५२ उडालं. दोन आसनांचं शिकाऊ विमान, आत एक शिक्षक आणि एक विद्यार्थी. थोड्याच वेळात संपर्क तुटला आणि शोध सुरू झाला. चांडिल धरणाच्या काठच्या लोकांचं म्हणणं होतं की विमान पाण्यात पडलं. त्या सांगण्यावरून शोध धरणात उतरला. दोन दिवसांनी, २२ तारखेला, दोघांचेही मृतदेह मिळाले आणि पुढे विशाखापट्टणमहून आलेल्या नौदलाच्या पथकाने विमानही तळातून वर काढलं. काठावर त्या वेळी कुणी नसतं, किंवा असून त्यांचं कुणी ऐकलं नसतं, तर ते विमान अजून 'बेपत्ता' राहिलं असतं.

आता सोनारीच्या जागी कराड आणि चांडिलच्या जागी कोयना धरणाचा शिवसागर जलाशय घालून बघा. कराडच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडतात हे ओगलेवाडीपासून मलकापूरपर्यंत शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. बारामतीकडची विमानं फलटणच्या डोक्यावरून जातात. कराडहून कोयनानगर अशा विमानाला पंधरा-वीस मिनिटांवर. कराडच्या पुढे पाटणपर्यंत दरी बऱ्यापैकी रुंद आहे. तिथून पश्चिमेला जमीन चढू लागते आणि जूनपासून तिच्यावर ढग बसतो. आपल्याकडे ढग डोंगराच्या वर नसतो, डोंगरावरच असतो. म्हणून तर उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांचा अभ्यास करायला २०१२ मध्ये महाबळेश्वरात प्रयोगशाळा थाटली. तिथल्या शास्त्रज्ञांना ढगापर्यंत जावं लागत नाही, ढगच खिडकीतून आत येतो.

पावसाळ्यातल्या अशा दिवसांत कुणी शिकाऊ विमान मुद्दाम पश्चिमेला नेणार नाही, हे मला कळतं. माझी काळजी त्या दिवसांबद्दल आहे जेव्हा सकाळी लख्ख असतं. एप्रिल-मेमधला वळीव कसा येतो ते आपण पाहिलंच असेल. दुपारी दोनपर्यंत ऊन असतं, तीनला घाटमाथ्यावर काळं उभं राहतं आणि चारला कौलं उडतात. किंवा सप्टेंबरअखेरची उघडीप घ्या. सगळ्यांना वाटतं पाऊस गेला, आणि सायंकाळी कासच्या सड्यावर हात पुढे केला तर हात दिसत नाही.

अशा हवेत छोट्या विमानाचं काय होतं, हे दोन मिनिटं ऐकून घ्या. कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे.

डोळ्यांनी जमीन पाहून उडणारा वैमानिक ढगात शिरला की त्याला वर-खाली कळेनासं होतं. शरीराचा तोल सांगणारी यंत्रणा कानाच्या आत असते आणि डोळ्यांची साथ सुटली की ती बिनदिक्कत खोटं सांगते. विमान हळूहळू एका बाजूला कलतं, आतल्या माणसाला मात्र आपण सरळ आहोत असंच वाटत राहतं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने यावर एक प्रयोग केला. उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले २० वैमानिक घेतले, शेजारी शिक्षक बसवला आणि बाहेरचं दिसणं बंद केलं. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यातल्या एकोणीस जणांनी विमान गिरक्या घेत खाली जाणाऱ्या घसरणीत घातलं होतं. शेजारी शिक्षक होता म्हणून सगळे घरी गेले.

आपल्या दऱ्यांत याला आणखी एक फास आहे. ढग खाली येतोय म्हणून वैमानिक खाली उतरतो, नदी धरून चालतो. वरून ढग दाबत असतो, खालून जमीन चढत असते आणि दोन्ही अंगांचे कडे जवळ येत असतात. मागे वळायचं मनात येतं तेव्हा वळायला रुंदी उरलेली नसते. सह्याद्रीने मोठ्या विमानांनाही सोडलेलं नाही. ७ जुलै १९६२ ला अलिटालियाचं मुंबईकडे उतरणारं जेट जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, ९४ माणसं गेली. ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ॲव्रो पनवेलजवळच्या डोंगरात गेलं, ४५ गेले. दोन्ही तारखा ऐन पावसाळ्यातल्या आहेत.

मग ते सापडत का नाही? हल्ली उपग्रह आहेत, प्रत्येकाच्या खिशात जीपीएस आहे, मग विमान हरवतंच कसं, हा प्रश्न मला चहाच्या टपरीवर दर वेळी विचारला जातो. रडार सरळ रेषेत पाहतं, डोंगराआडचं त्याला दिसत नाही. विमानात संकटकालीन बीकन, म्हणजे मदतीचा बिनतारी संदेश पाठवणारं यंत्र, असतो, तो धक्का बसला की आपोआप चालू व्हायला हवा. पण आदळताना त्याचा अँटेना तुटतो, आगीत तो जळतो, पाण्यात गेला तर त्याची लहर वर येत नाही. ३ जून २०१९ ला आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ दिसेनासं झालं. आत तेरा जण होते. हवाई दल, लष्कर, उपग्रह, सगळे लागले आणि अवशेष सापडायला ११ जून उजाडला. ते तर दोन इंजिनांचं मालवाहू धूड होतं. सेसना १५२ चं पूर्ण भरलेलं वजन साडेसातशे किलोच्या आसपास आणि पंखांचा पसारा दहा मीटर. कोयनेच्या रानात ते पडलं तर ते शोधणं म्हणजे उसाच्या फडात पडलेली अंगठी शोधणं.

आता थोडं गणित. हे विमान मिनिटाला साधारण तीन किलोमीटर जातं. शेवटचा संपर्क आणि पडण्याची वेळ यात दहा मिनिटं गेली असतील आणि दिशा माहीत नसेल, तर तीस किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ शोधावं लागतं. त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे २,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पाव भागाहून जास्त. त्यात डोंगर, बॅकवॉटर आणि वाघांसाठी राखलेलं जंगल. पण ढोकावळ्याच्या एखाद्या म्हाताऱ्याने सांगितलं की "सव्वाचारला, दूध काढत होतो तेव्हा, आवाज त्या खिंडीकडे गेला आणि थांबला," तर ते वर्तुळ एका खोऱ्यावर येतं. माझी सगळी मागणी त्या म्हाताऱ्याच्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य आज तो कुणाला सांगेल?

बहुतेक पोलीस पाटलाला. पाटील विचारतील, "तू बघितलंस का?" तो म्हणेल, "नाही, ऐकलं." पाटील म्हणतील, "मग गडगडलं असेल." विषय संपला. यात पाटलांचा दोष नाही, त्यांना काय विचारायचं ते कुणी सांगितलेलंच नाही.

आणि आमच्या खोऱ्यातल्या माणसाच्या कानाबद्दल आपला गैरसमज नसावा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपापासून इथली पिढ्यान् पिढ्या आवाज ओळखत वाढली आहे. भूकंपाआधी जमिनीखालून येणारी घरघर वेगळी, सुरुंगाचा बार वेगळा, धरणाच्या वक्री दरवाजातून सुटलेल्या पाण्याचा घोष वेगळा, दरड सुटते तो आवाज तर २०२१ च्या जुलैनंतर मिरगाव-आंबेघरच्या बाजूला कुणी विसरणार नाही. लढाऊ विमान वरून गेलं की पत्रे थरथरतात, तरी म्हातारी सांगते, "भूकंप न्हाई, इमान हाय." असा कान मुंबईतल्या माणसाकडे नाही.

हा कान नुसती जागा सांगत नाही, कारणही सांगू शकतो. छोट्या विमानात मोठ्या विमानासारखी काळी पेटी सहसा नसते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाची नोंद असलीच तर ती खालच्या माणसाजवळ असते. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं की वेग वाढतो, पंखा अधिक जोरात फिरतो आणि इंजिनाचा आवाज चढत जातो. "आवाज चढत चढत गेला आणि एकदम बंद झाला" असं कुणी सांगितलं तर ते ढगात ताबा सुटल्याचं लक्षण असू शकतं. "फटफटलं, थांबलं, परत फटफटलं" असं सांगितलं तर इंजिनाचा त्रास. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, तोही बाहेर थंडी नसताना, आणि जुन्या छोट्या इंजिनांत हे नेहमीचं आहे. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण चार दिवसांनी, टीव्हीवाले येऊन गेल्यावर, गावातल्या सगळ्यांची साक्ष एकसारखी झालेली असते. नोकरीत मी हे इतक्या प्रकरणांत पाहिलं की पहिल्या तासात लिहून घेतलेलं सोडून बाकीच्यावर विश्वास ठेवायचं मी बंद केलं.

बाहेरची उदाहरणं बघा. ३० एप्रिल २०११ ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर तवांगहून निघालं आणि नाहीसं झालं. राज्याचा मुख्यमंत्री असल्यामुळे यंत्रणा कमी पडायचा प्रश्न नव्हता. अवशेष मिळाले ४ मेला, तेही स्थानिक गावकऱ्यांना. २९ मे २०२२ ला नेपाळात पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर ढगांत हरवलं. उड्डाण जेमतेम वीस मिनिटांचं, आत २२ जण, त्यात आपल्या ठाण्याचे चौघे. तिथे कप्तानाच्या मोबाइलचा ठाव काढला गेला, स्थानिक लोकांच्या सांगण्याचाही आधार मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष दिसले. अमेरिकेतला साहसी वैमानिक स्टीव्ह फॉसेट सप्टेंबर २००७ मध्ये नेवाडातून उडून बेपत्ता झाला. त्याच्यासाठी पैशाची आणि तंत्राची कमतरता नव्हती. वर्षभराने डोंगरात फिरणाऱ्या एका माणसाला त्याची ओळखपत्रं मिळाली, त्यावरून विमान मिळालं. आणि आपल्या हवाई दलाचं एएन-१२, ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं, खराब हवेमुळे परत फिरलेलं, १०२ जणांसह गडप झालेलं. त्याचा पहिला माग २००३ मध्ये लाहौलच्या हिमनदीवर गिर्यारोहकांना लागला. २०२४ मध्ये आणखी चार देह मिळाले, छप्पन वर्षांनी.

काही सापडतच नाहीत. १६ ऑक्टोबर १९७२ ला अलास्कात अमेरिकी प्रतिनिधीगृहातले बहुमतवाल्या पक्षाचे नेते हेल बॉग्ज आणि खासदार निक बेगिच यांचं सेसना ३१० खराब हवेत अँकरेजहून जुनोला निघालं. एकोणचाळीस दिवस शोध चालला, एक खिळा मिळाला नाही. त्यानंतर विमानात बीकन सक्तीचे करण्याला जोर आला. ९ ऑगस्ट १९८१ ला ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला बॅरिंग्टन टॉप्सच्या डोंगरात पाच जणांना घेऊन चाललेलं सेसना २१० वादळी हवेत गेलं. ते रडारवर दिसलं होतं, वैमानिक शेवटपर्यंत बोलत होता, शेवटचे शब्द होते "पाच हजार", म्हणजे फुटांत उंची. त्यानंतर काही नाही. पोलीस आणि रानात भटकणारे स्वयंसेवक आजवर ते शोधत आले आहेत. दाट जंगल, खोल घळी, वस्ती नावाला. त्या भागाची वर्णनं वाचताना मला चांदोली आठवते.

आणि इथे एक अवघड गोष्ट आहे. कोयना आणि चांदोलीच्या रानातली गावं आपण उठवली. आधी धरणासाठी, मग अभयारण्यासाठी, मग २०१० मध्ये झालेल्या व्याघ्र प्रकल्पासाठी. जंगलाला ते बरं झालं असेल, त्या वादात मी शिरत नाही. पण जिथे विमान पडण्याची भीती सर्वांत जास्त, तिथेच ऐकणारा माणूस उरला नाही. उरलेत ते वनरक्षक, रोजंदारीवरचे मजूर, वासोट्याला माणसं नेणारे बामणोली-तापोळ्याचे लाँचवाले, आणि माथ्यावरचे चार धनगरवाडे. वाघ टिपायला लावलेले कॅमेरे आहेत, त्यांच्यावर वेळ उमटते. विमानासाठी कुणी लावलेले नाहीत, पण झाडं हलून, जनावरं उधळून एखादा कॅमेरा नेमका त्या मिनिटाला चालू झाला असेल तर? विचारायला काय जातं. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावरचे कॅमेरेही तसेच. त्यांत आवाजाची नोंद असेल तर तिची वेळ पक्की असते.

माझ्या डोक्यात आणखी एक खूळ आहे, तेही सांगून टाकतो. कराडजवळ हजारमाचीला पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. त्यांनी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे आणि सगळ्या खोऱ्यात भूकंपमापक बसवले आहेत. १९८८ मध्ये स्कॉटलंडातल्या लॉकरबी गावावर जम्बो विमान पडलं तेव्हा भूकंपमापकांवर १.६ इतका धक्का नोंदला गेला होता. साडेसातशे किलोचं सेसना जम्बो नव्हे. त्याचा ठसा उमटलाच तर अगदी जवळच्या यंत्रावर उमटेल. पण जगात इतक्या दाटीने भूकंपमापक बसवलेली जंगलं फार नाहीत. त्या लोकांना एक पत्र पाठवून ठेवायला हरकत नसावी.

आता आपण म्हणाल की व्हॉट्सॲपवरच्या अफवांनी आधीच जीव नकोसा केलाय, त्यात गावकऱ्यांच्या खबरी नोंदवायला सांगून तुम्ही दारच उघडून देताय. कोण उठेल आणि "विमान पडलं" म्हणून फोन करील. करू देत. मी चाळणी सांगतो, ती आमच्या धंद्यातली जुनी आहे. बिनतारी यंत्र कुठून बोलतंय ते शोधायचं तर एका ठिकाणाहून दिशा घेऊन भागत नाही. दोन ठिकाणांहून दिशा घ्यायची आणि नकाशावर रेघा जिथे छेदतात तिथे जायचं. आवाजाचंही तसंच करता येतं. दरीत आवाज फसवतो, समोरच्या कड्यावर आपटून उलटीकडून येतो. पण तीन वाड्यांवरच्या, एकमेकांशी न बोललेल्या माणसांनी एकाच पाच मिनिटांतली वेळ सांगितली, तर ती अफवा राहत नाही. एकट्याचा फोन असेल तर नोंद करा आणि ठेवून द्या. ग्राम सुरक्षा यंत्रणेवरून एका फोनने अख्ख्या गावाला बिबट्या आल्याची खबर जाते, त्याच यंत्रणेवरून उलटा प्रश्नही जाऊ शकतो : आज दुपारी चार ते पाच या वेळेत कुणी विमानाचा आवाज ऐकला का? ऐकला असल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवा.

आणि गूढकथावाल्यांना एवढं सांगतो की नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात निदान विमानाला तरी भुताने नेऊ नये. विमान सापडलं नाही की तास-तासभराचे व्हिडिओ निघतात, त्यात बर्म्युडाचा त्रिकोण येतो, परग्रहवासी येतात. ढग आणि डोंगर मात्र येत नाहीत. मागे राहिलेल्या घरच्यांना या गोष्टींचा काय जाच होतो ते त्यांनाच विचारा. आंतरराष्ट्रीय नियमांत विमान 'बेपत्ता' ठरतं ते अधिकृत शोध थांबवल्यावर आणि अवशेष न मिळाल्यावर. म्हणजे तो शब्द कागदावर येतो तेव्हा शोधणारे घरी गेलेले असतात. त्यानंतर विमा, पेन्शन, बँकेतलं खातं, सात-बाऱ्यावरची वारसनोंद, सगळं अडतं. माणूस सात वर्षं कुणाला दिसला-ऐकला नाही तर तो गेला असं कायदा धरून चालतो. देह नसलेल्या घरात तेराव्याचं काय करायचं, हे गुरुजीसुद्धा चाचरतच सांगतात.

शोध थांबल्यावरही घरची माणसं थांबत नाहीत, हेही खरं. उपग्रहावरून बीकन पकडून जीव वाचवण्याची जगातली पहिली घटना सप्टेंबर १९८२ ची, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातली. डोंगरात पडलेल्या छोट्या विमानातले तिघे वाचले. ते तिघे तिथे गेले कशाला होते? आधी हरवलेलं दुसरं विमान शोधायला. सरकारी शोध संपला की सगळीकडे असंच होतं. लोक स्वतः निघतात, उसनवारी करून, जीव धोक्यात घालून. इंग्लिश खाडीवर जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला याचं विमान गेलं. अधिकृत शोध तीन दिवसांत थांबला, लोकांनी वर्गणी काढली आणि खाजगी बोटीने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते समुद्रतळावर शोधून काढलं.

आपल्याकडे वर्गणी काढावी लागणार नाही, कारण उतरणारी माणसं आहेत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली, तेव्हा वाचलेला एकटा माणूस वर चढून आला आणि त्याने फोन केला, म्हणून जगाला कळलं. धुक्यात दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वरचे ट्रेकर. खबर द्यायला एक माणूस वर आला नसता तर? त्या दिवशी घाटात दृष्टीला काय दिसत होतं, हे तिथे गेलेला कुणीही सांगेल.

तर मागणी अशी. १०७७ आणि ११२ वर बसणाऱ्यांच्या हातात एका पानाचा कागद द्यावा. विमानाचा आवाज, धूर किंवा पडल्याची खबर आली तर त्यावरचे प्रश्न विचारायचे : किती वाजता आणि वेळ कशावरून सांगता, आपण कुठे उभे होता, आवाज कुठून कुठे गेला, चढला की तुटक झाला, थांबला की लांब जाऊन विरला, त्या वेळी समोरचा डोंगर दिसत होता का. नाव-गाव, आणि लगेच नकाशावर खूण. ती नोंद कराडच्या विमानतळाला आणि मुंबईच्या विमान बचाव समन्वय केंद्राला त्याच तासात कळवायची. विमानाची खबर वेळेवर आली नाही तर हवाई नियंत्रण अर्ध्या तासाने 'अनिश्चितता' जाहीर करतं. निदान तेव्हा तरी आपल्या नियंत्रण कक्षाला फोन यावा, असा उलटा करार त्यांच्याशी करून घ्यावा. पोलीस पाटील, वनरक्षक, लाँचवाले आणि ट्रेकिंगचे गट यांना पावसाळ्याआधी एकदा हे समजावून सांगावं. अवशेष सापडले तर माणसं वाचवण्यापुरतंच हात लावायचा, पत्रा भंगारात जाऊ द्यायचा नाही, हेही सांगावं. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोला तो पत्रा जसाच्या तसा लागतो. आणि हद्दीचा घोळ आधीच मिटवावा. ढगात शिरलेलं विमान पाटणच्या हद्दीत आहे की शिराळ्याच्या, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सांगलीला प्रत दिली आहे.

मेमधल्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत हा विषय पाच मिनिटं घ्यावा. प्रश्नांच्या कागदाचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे, त्यात आपल्या माणसांनी हवे ते बदल करावेत. एक अडचण मला सुटलेली नाही. माथ्यावरच्या धनगरवाड्यांना मोबाइलची रेंज नाही, तिथली खबर खाली यायला दूध घालायला येणाऱ्या पोराची वाट बघावी लागते, म्हणजे दुसरा दिवस. तिथे वन विभागाचे वॉकीटॉकी वापरता येतील का, हे आपणच विचारू शकता. माझ्या शब्दाला आता ते वजन नाही.

कळावे.

आपला,
एक निवृत्त बिनतारी संदेश कर्मचारी
पाटण, जि. सातारा

सोबत : प्रश्नावलीचा मसुदा, एक पान